खोकल्याचं बटण

क्लेमाँ तार्दीफला त्या शनिवारी मिळवायचं होतं ते फक्त एक वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. ज्याच्या तोंडून ते यायचं त्या रोझेर गोव्रोची, त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या समालोचकाची, कमाई मात्र भरघोस होती. संघाकडून सोन्याचा मुलामा दिलेला माईक. महापौरांकडून शहराची किल्ली, जी कुठल्याच कुलपाला लागत नाही. आइस हॉकीच्या अरीनाच्या छताखाली समालोचक बसतात त्या माळ्याला त्याचं नाव. शिवाय सॉसेजवाल्या जाहिरातदाराकडून आयुष्यभर पुरतील तेवढी सॉसेजेस. रोझेरचं वय एकाहत्तर आणि रक्तातली चरबी बघता जाहिरातदाराने फार मोठा धोका पत्करला होता असं नाही.

"खुर्ची जरा तिकडे घे," रोझेर म्हणाला. "कोपर लागतं तुझं."

क्लेमाँने खुर्ची तिकडे घेतली. गेली सतरा-अठरा वर्षं तो ती तिकडेच घेत आला होता. एव्हाना ती पार बाहेर कशी पडली नाही याचंच नवल.

रंगभूषा करणारी बाई रोझेरच्या गालांवर पावडर थापत होती. सामना सुरू झाला की कॅमेरा बर्फावर असतो, समालोचकाचा चेहरा सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन मिनिटं दिसतो. पण रोझेरने आज मानेलाही पावडर लावून घेतली. खाली बर्फ घासणारं यंत्र गोल गोल फिरत होतं. लोक आत येत होते, आणि दर तिसऱ्या माणसाच्या अंगावर रोझेरचं वाक्य छापलेला सदरा होता: 'दार लाव गं आजी, थंडी आत येते.'

सँत-ओदील गावात हे वाक्य माहीत नसलेला माणूस एक तर तान्हा असतो, नाही तर इंग्रज. आपल्या लोहार संघाने निर्णायक गोल मारला, आता सामना संपल्यात जमा आहे, असं दिसलं की रोझेर ते म्हणतो. पहिल्यांदा तो ते म्हणाला एक्क्याण्णवच्या वसंतात, अंतिम सामन्यातल्या जादा वेळेत. गावाने आयुष्यात एकदाच चषक जिंकला तो त्या रात्री. त्या गोलाची टेप तेव्हापासून प्रत्येक प्रक्षेपणाच्या सुरुवातीला वाजते. खेळाडूंची गर्दी, गर्दीतून निसटलेली रबरी चकती, जाळं हलतं, आणि रोझेरचा घोगरा आवाज: "गोल. राँकूर. राँकूर. गी राँकूर. दार लाव गं आजी, थंडी आत येते."

गोल राँकूरचा नव्हता. क्लेमाँ तार्दीफचा होता.

यात गुपित काही नाही. संघाच्या दफ्तरात गोल क्लेमाँच्या नावावर आहे, आणि त्या रात्री अरीनाच्या भोंग्यावरूनही त्याचंच नाव पुकारलं होतं. पण भोंगा टेपमध्ये नाही. त्या वेळी क्लेमाँ होता वीस वर्षांचा. तिसऱ्या फळीतला, नाव लक्षात न राहणारा बचावपटू. सामन्यात कोणाची तरी स्टिक लागून त्याची भुवई फुटली. जर्सीला रक्त लागलं की बर्फावर राहता येत नाही, जर्सी बदलावी लागते. सामानवाल्याने पेटीतली जादाची काढून दिली. त्या जर्सीवर नंबर असतो, पण नाव नसतं. त्या कोऱ्या पाठीने क्लेमाँ परत आला आणि त्याने गोल मारला. वर माळ्यावर रोझेरला क्षणात एक नाव हवं होतं. समोरची पाठ कोरी दिसली, तेव्हा मनातलं नाव त्याने तिच्यावर लिहून टाकलं. गी राँकूर हा कर्णधार होता, देखणा होता, आणि त्या क्षणी बाकावर बसून पाणी पीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझेरला चूक समजली. "लोकांना आवडलंय ना," तो म्हणाला, "मग कशाला उकरायचं?"

राँकूर तर कधी खोटं बोललाच नाही. तो फक्त बोलला नाही. त्याने मोटारींचं दुकान काढलं, दुकानात टीव्ही लावला, टीव्हीवर ती टेप दिवसभर. गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणायचा, "तुम्ही ऐकलंच की." गावाने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. त्या रस्त्याच्या टोकाला क्लेमाँचं घर आहे. पत्ता सांगताना त्याला रोज ते नाव घ्यावं लागतं.

रोझेरच्या बाबतीत खरं तेही सांगायला हवं. तरुणपणी तो आपल्या कामात चोख होता. सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावाला कॉफीचा पेला घेऊन कठड्याशी उभा राहायचा आणि पोरांच्या चाली पाठ करायचा. हा गुडघा आत घेतो, तो वळताना डावा खांदा टाकतो. पाठीवरचं नाव वाचून बोलणारा समालोचक अर्धा क्षण मागे राहतो, असं तोच शिकवायचा. त्या गोलानंतर मात्र त्याने सामना बघणं सोडलं आणि स्वतःला ऐकायला सुरुवात केली. सकाळच्या सरावाला तो येईनासा झाला. बर्फावर चकती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तो वृद्धाश्रमातल्या बायकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा, वारं कुठून सुटलंय ते सांगायचा, गेल्या आठवड्यात कोण गेलं त्यांची नावं घ्यायचा. खेळणाऱ्यांची नावं मात्र त्याला जड जात. एक स्लोव्हाक पोरगा तीन हिवाळे या संघात खेळला. तिन्ही हिवाळे तो रोझेरसाठी 'आमचा पाहुणा' होता. पाहुणा हंगामात सर्वाधिक गोल करून परत गेला, तरी त्याचं नाव काही रोझेरच्या जिभेवर चढलं नाही.

लोकांना हेच आवडायचं. सामना कळो न कळो, आपल्या आत्याचं नाव टीव्हीवर आलं की माणूस खूश. क्लेमाँला मात्र सामना कळायचा. म्हणून तर, खेळणं संपल्यावर, त्याला रोझेरच्या शेजारी बसवलं होतं.

पहिल्याच दिवशी रोझेरने त्याला कायदा समजावला. दोघांच्याही पुढ्यात एकेक लहान डबी, डबीवर लाल बटण. ते दाबून धरलं की आपला माईक मुका होतो. खोकला आला, शिंक आली, घोट घ्यायचा झाला तर सोय म्हणून. "मी बोलत असेन तोवर तुझा अंगठा त्याच्यावर," रोझेर म्हणाला. "मी बोट वर केलं की उचलायचा. गोल झाल्यावर तर अजिबात नाही. गोल माझा असतो."

क्लेमाँचा अंगठा तेव्हापासून तिथे होता. माणूस खोकल्याशिवाय इतकी वर्षं खोकल्याचं बटण दाबून बसतो, तेव्हा त्याला शहाणा म्हणावं की दुसरं काही, हे त्याची बायको सोलांज बरोबर सांगायची.

"उपरणं घेऊन उभा राहा आता त्याच्या मागे," ती म्हणायची. "एवढंच राहिलंय."

"कधीतरी बोलेल तो."

"कोण, रोझेर? तो मेल्यावर बोलेल. आणि तेव्हासुद्धा स्वतःबद्दलच."

सोलांजचं खरं होतं, पण क्लेमाँची अडचण सोलांजला पटवण्याची नव्हतीच. अडचण त्याच्या आईची होती.

मादाम तार्दीफ, वय नव्वदीला टेकलेलं, नऊ मुलांची आई, क्लेमाँ शेवटचा. त्या रात्री ती घरी टीव्हीसमोर होती. जादा वेळेत किटली शिट्टी घालायला लागली म्हणून उठली, पाठ वळवली आणि तेवढ्यात गोल झाला. तिने तो ऐकला, पाहिला नाही. ऐकला तो राँकूरचा. रात्री क्लेमाँ भुवईला टाके घेऊन घरी आला आणि म्हणाला, आई, गोल मी मारला. म्हातारी म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातलं आपलं म्हणायचं मी तुम्हा कोणालाच शिकवलं नाही."

तेव्हापासून हा विषय निघाला की ती हात जोडून येशूच्या तसबिरीकडे बघते. दफ्तरातली नोंद तिला दाखवून झाली. "कागदावर काय, कोणीही लिहील." भावाने सांगून झालं. "तो तुझा भाऊच ना." रोझेर मात्र तिला दर नोव्हेंबरात टीव्हीवरून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. रोझेर म्हणेल ते खरं. म्हणजे या पृथ्वीवर मादाम तार्दीफला पटेल असा एकच साक्षीदार उरला होता, आणि तो क्लेमाँच्या शेजारी बसून मानेला पावडर लावून घेत होता.

शब्द मागायचं धाडस क्लेमाँला झालं ते मार्चअखेरीला, मेपलच्या रानात, झाडांच्या रसाचा पाक आटवतात त्या पाकघरात. दर वसंतात वाहिनीची माणसं तिथे जेवायला जातात. लांबलचक बाकांवर बसून अंडी, घेवडा, डुकराचं मांस, सगळ्यावर पाक ओतून खायचं आणि मग बाहेर बर्फावर ओतलेला गरम पाक काडीवर गुंडाळून चोखायचा. रोझेरच्या निवृत्तीची घोषणा नुकतीच झालेली. रोझेर गोड दारू पिऊन गोड झाला होता.

"रोझेर, एक विचारायचं होतं," क्लेमाँ म्हणाला. हातातली काडी त्याला कुठे ठेवावी कळेना.

"विचार की, बाळा."

"शेवटच्या दिवशी तुम्ही बोलणार. त्यात तो गोल... माझा होता एवढं म्हणाल?"

रोझेर काडी चोखत राहिला. "कुठला गोल?"

क्लेमाँने काडी दुसऱ्या हातात घेतली.

"हां, तो." रोझेर हसला. "अरे, अजून मनात ठेवलंयस? गीला काय वाटेल?"

"गीला रस्ता आहे, रोझेर. मला आई आहे."

शेजारी बसलेली निर्माती जोस्लीन काडी तोंडातून काढून म्हणाली, "म्हण की, म्हाताऱ्या. छान वाटेल ऐकायला. लोक रडतील."

लोक रडतील हे रोझेरच्या कानात बरोबर शिरलं. त्याने क्लेमाँच्या पाठीवर चिकट हात ठेवला. "दिला शब्द."

आणि शब्द त्याने खरोखर पाळायला घेतला होता. शनिवारी दुपारी रिकाम्या अरीनात त्याने निरोपाच्या भाषणाची तालीम केली. क्लेमाँ शेजारी बसून ऐकत होता. "एक जुनं ओझं उतरवायचं आहे," रोझेर माईकमध्ये म्हणाला. "मोठ्या रात्री मोठ्या माणसाच्या हातून चूक होते. तो गोल माझ्या या सोबत्याचा होता. क्लेमाँ तार्दीफचा." इथे तो थांबला. डोळ्यांच्या कडेला रुमाल नेला. मग जोस्लीनला विचारलं, "रुमाल आधी की नंतर?"

"नंतर," जोस्लीन म्हणाली.

चुकीची कबुली कमी आणि चुकीचं कौतुक जास्त, असं ते वाक्य होतं. क्लेमाँला ते चाललं असतं. भिकाऱ्याने नाण्यावरचा राजा बघायचा नसतो. त्याने आई राहायची त्या वृद्धाश्रमातल्या सिस्टरला फोन करून सांगितलं, आज आईला नऊ वाजता झोपवू नका. शेवटपर्यंत बघू द्या. आणि किटली बंद ठेवा.

सामना सुरू झाला. क्लेमाँ सकाळी नेहमीप्रमाणे सरावाला जाऊन आला होता. कोण कोणाच्या फळीत आहे, कोणी स्टिकला पांढरी पट्टी गुंडाळलीय, कोणी काळी, सगळं बघून आला होता. रोझेरने सकाळी न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले. पण जेवायच्या वेळी त्याने एक गोष्ट मात्र पक्की केली होती. "आज शेवटचा गोल बोद्री मारणार," तो म्हणाला. "मला आतून वाटतंय." मातीस बोद्री हा यंदाचा राँकूर. त्याला वरच्या लीगने निवडलेलं, दात शाबूत, आडनाव सोपं.

तिसऱ्या, शेवटच्या भागापर्यंत बरोबरी होती. रोझेर वाढदिवस उरकत होता. खाली कठड्याशी दोन पोरं धडकली, त्यातल्या एकाची हनुवटी फुटली. झाकारी जोंफ. चौथ्या फळीतला, उत्तर किनाऱ्यावरच्या हाव्र-सँ-पिएर गावचा. इथून तिथे जायला गाडीने आख्खा दिवस लागतो. पहिलाच हंगाम, अजून एकही गोल नाही. जर्सीची छाती लाल झालेली. तो आत गेला.

बाहेर आला तेव्हा हनुवटीवर पट्टी होती आणि पाठ कोरी.

क्लेमाँने अंगठा बटणावर तसाच ठेवून मान रोझेरकडे झुकवली. "रोझेर. कोऱ्या पाठीचा तो जोंफ आहे. जर्सी बदललीय. जोंफ."

रोझेरने मान हलवली. कानावर हेडफोन होते आणि हेडफोनमध्ये रोझेर होता.

खेळ संपायला थोडाच वेळ उरला असताना गोल झाला. बोद्री नुकताच दमून बाकावर गेलेला. गोलरक्षकाच्या पुढ्यात झटापट, चकती मागे निसटली, आणि गुडघा आत घेऊन धावणाऱ्या एका कोऱ्या पाठीने ती आत ढकलली. अरीना उभी राहिली.

"गोल," रोझेर गरजला. त्या आवाजात अजून जीव होता हे कबूल करायला हवं. "बोद्री. बोद्री. मातीस बोद्री. दार लाव गं आजी..."

क्लेमाँचा अंगठा बटणावर होता.

गप्प बसलं तर काय जाणार? काहीच नाही. थोड्या वेळाने भोंग्यावरून खरं नाव येईलच, जसं एक्क्याण्णव साली आलं होतं. उद्या दफ्तरात बरोबर नोंद होईल, जशी तेव्हा झाली. दोन मिनिटांनी सामना संपेल, रोझेर बोलेल, रुमाल काढेल, आई ऐकेल. बोललं तर मात्र रोझेरच्या शेवटच्या गोलावर, जो पुढे वर्षानुवर्षं वाजणार, तारेने ओरखडा काढल्यासारखा क्लेमाँचा आवाज उमटेल. आणि रोझेर काय चीज आहे हे क्लेमाँइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

हाव्र-सँ-पिएरला कुठल्यातरी घरात आता कोणाची तरी पाठ टीव्हीकडे असेल.

त्याने अंगठा उचलला.

"...थंडी आत येते," रोझेर म्हणत होता, तेवढ्यात शेजारून शांत आवाज आला. "जोंफ. गोल जोंफचा आहे. बोद्री बाकावर बसलाय. रक्त लागलं म्हणून जर्सी बदललीय, पाठीवर नाव नाही. झाकारी जोंफ, हाव्र-सँ-पिएरचा. त्याचा पहिला गोल."

आणि अंगठा परत बटणावर ठेवला. इतक्या वर्षांत त्याने गोलावर पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, आणि तरी खोकला आला नव्हता.

रोझेरने स्वतःच्या डबीवरचं बटण दाबलं. त्याच्या डबीवरचं बटण नव्यासारखं चकचकीत होतं.

"माझी शेवटची टेप होती ती," तो म्हणाला.

"हो."

"आता तीत तू आहेस."

"जोंफही आहे, रोझेर."

"कोण जोंफ?" रोझेरने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

सामना जिंकला. बर्फावर तांबडा गालिचा अंथरला. रोझेरला खाली नेलं. सोन्याचा माईक द्यायला संघाने कोणाला बोलावलं असेल ते सांगायची गरज नाही. गी राँकूर, केस पांढरे, खांदे अजून सरळ, दुकानाचं चिन्ह कोटाच्या खिशावर. मोठ्या पडद्यावर जुनी टेप वाजली. लोक टेपबरोबर ओरडले. राँकूरने विनयाने मान खाली घातली. सवयीने ती आता आपसूक जायची.

मग रोझेर बोलला. क्लेमाँ माळ्यावर एकटा बसून ऐकत होता. एवढं झाल्यावरही तो वाट बघत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रोझेरने वाहिनीचे आभार मानले, महापौरांचे मानले, सॉसेजवाल्याचे तर नाव घेऊन मानले. आपल्या ड्रायव्हरचे मानले. गावातल्या सगळ्या आज्यांना हात हलवला. "आणि वर माझ्या शेजारी बसतात ते गृहस्थ," तो म्हणाला, "ज्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं." लोक हसले. रोझेरने रुमाल काढला. ओझं त्याने कोटाच्या आतल्या खिशात तसंच ठेवलं.

खाली जाताना क्लेमाँला बोळात जोंफ भेटला. हनुवटी सुजलेली, पायात सपाता.

"मस्यू तार्दीफ, ती चकती कोणाकडे आहे हो?"

पहिल्या गोलाची चकती मारणाऱ्याला मिळते. तिला पट्टी चिकटवून, तारीख घालून पोरं ती घरी पाठवतात. इथे ही रीत देवळातल्या रीतींपेक्षा कडक पाळतात.

"पंचांनी रोझेरला दिली," क्लेमाँ म्हणाला. "त्याच्या शेवटच्या सामन्यातली म्हणून. मी मागतो."

"राहू द्या." पोराने खांदे उडवले. "आईचा फोन आला होता. तिने नाव ऐकलं. आख्ख्या गल्लीला फोन करत बसलीय ती." मग म्हणाला, "रोझेर गोव्रोने माझं नाव घेतलं, म्हणाली."

क्लेमाँने त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसरं काय करणार? हाव्र-सँ-पिएरला टीव्हीतून येणारा प्रत्येक आवाज रोझेरचाच असतो.

जिन्याशी जोस्लीन उभी होती, पेटवायची सिगारेट हातात घेऊन. "मूर्ख आहेस तू," ती म्हणाली, पण हळू. "दोन मिनिटं. दोन मिनिटं गप्प बसला असतास तर."

"माहीत आहे."

"पुढच्या हंगामात वरचे लोक नवी जोडी बसवायची म्हणतायत. दोघंही नवे. सॉसेजवाल्याचा फोन आला होता."

"गोल जोंफचा होता ना, जोस्लीन?"

"होता की. मी कुठे नाही म्हणतेय?" तिने सिगारेट ओठात धरली. "त्याचा काय संबंध?"

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो आईकडे गेला. सोलांजने साखरेचं सारण भरलेला पाई दिला होता. आश्रमाने सगळ्या बायकांना निरोपाचा कप वाटला होता, त्यावर तेच वाक्य. म्हातारी त्याच कपातून चहा पीत होती.

"चांगला बोलला रोझेर," ती म्हणाली. "माझं नाव घेतलं."

"सगळ्या आज्यांचं घेतलं, आई."

"माझ्याकडे बघून घेतलं." तिने पाईचा तुकडा तोडला. "आणि तू मध्येच काय बोललास रे? माणूस निरोप घेतोय. त्याच्या तोंडातला घास काढायचा?"

"गोल दुसऱ्याचा होता. त्याचं नाव चुकलं."

"रोझेरचं? रोझेर स्वतःच सांगणार होता. तू घाई केलीस. लहानपणापासून तुला घाई." ती थोडा वेळ चघळत राहिली. "पण त्या पोराचं नाव बरं झालं सांगितलंस. त्याची आई बघत असेल."

"बघत होती."

"गी राँकूर किती साधा, बघितलंस? एवढा मोठा गोल मारला, पण मान खाली. कधी तोंडाने म्हणत नाही, मी मारला." तिने त्याच्याकडे पाहिलं, फार प्रेमाने पाहिलं. "तसं राहावं माणसाने."

क्लेमाँच्या जिभेवर चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेऊन इथे देतात तसली एक जुनी, सणसणीत शिवी आली. ती त्याने चहाबरोबर गिळली. भुवईतला टाक्यांचा वण त्याने अंगठ्याने चोळला. अंगठ्याला सवय होती दाबायची.

बाहेर बर्फ वितळत होतं, बोळात कोणीतरी खिडकी उघडली होती. तो उठला, आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली, टोपी घातली.

"दार लाव जाताना," ती म्हणाली. "थंडी आत येते."

त्याने दार लावलं, अलगद, आवाज न करता.

तर कोणाला काय मिळालं? रोझेरला माईक, किल्ली, सॉसेजेस आणि चकती. राँकूरला आणखी एकदा टाळ्या. जोंफला त्याचं नाव. जोंफच्या आईला ते ऐकू आलं. आज्यांना कप. या सगळ्याचं बिल फाटलं ते एकट्या क्लेमाँ तार्दीफच्या नावावर. निदान तिथे तरी नाव चुकलं नाही.